अटक: ऋतूंप्रमाणे उघडणारी आणि मिटणारी सीमा

दहावीच्या निकालापासून क्रिकेटच्या मालिकेपर्यंत कुठलाही पराक्रम झाला की आपली वर्तमानपत्रं अटकेपार झेंडा लावून मोकळी होतात. नकाशावर अटक दाखवा म्हटलं तर मात्र बोट लाहोर आणि काबूल यांच्या मधे कुठेतरी घुटमळतं. शाळेत आपण 1758 हे साल पाठ केलं आणि पुढच्या धड्याला लागलो. पण ती जागा नीट पाहिली तर ते सालही जास्त कळतं. मराठे तिथं का गेले, तिथंच का थांबले आणि दीडेक वर्षात सगळं हातचं का गेलं, याचं बरंचसं उत्तर तिथल्या खडकात आणि पाण्यात आहे.

अटक आज पाकिस्तानच्या पंजाब प्रांताच्या वायव्य टोकाला आहे. इस्लामाबादहून पेशावरला निघालं की साधारण अर्ध्या वाटेवर ग्रँड ट्रंक रोड सिंधू नदी ओलांडतो. अलीकडच्या काठावर उतारावर पसरलेला अकबराचा किल्ला दिसतो, पलीकडे खैराबाद. हे जुनं अटक, त्याला अटक खुर्द म्हणतात. नकाशात ठळक अक्षरांत दिसणारं अटक शहर इथून आत आहे. ते इंग्रजांनी वसवलेलं कॅम्पबेलपूर, 1978 मध्ये त्याचं नाव बदललं. इम्रान खान यांना 2023 मध्ये ठेवलं होतं तो तुरुंग या नव्या शहरातला, आणि नवाझ शरीफ यांच्यावर 2000 मध्ये खटला चालला तो जुन्या किल्ल्यात. बातम्यांत या दोन अटकांची गल्लत सर्रास होते.

आता नदीकडे वळू. हिमालय-काराकोरमच्या खोल दऱ्यांतून वाट काढत आलेली सिंधू तरबेलापाशी डोंगरातून सुटते. पुढे छछ नावाचं सपाट, सुपीक मैदान लागतं. मोकळी जागा मिळाल्यावर नदी पसरते, तिचे फाटे होतात, मधे वाळूची बेटं तयार होतात. मैदान संपता संपता पश्चिमेकडून काबूल नदी येऊन मिळते. ही स्वतःच मोठी नदी आहे, स्वात आणि कुनार यांचं पाणी घेऊन आलेली. दोन नद्यांचं एकत्र झालेलं हे पाणी लगेच समोर आडव्या आलेल्या टेकड्यांच्या रांगेत शिरतं. काळसर पाटीच्या दगडाच्या या टेकड्या. मैदानात ऐसपैस वाहणारं पात्र इथं एकदम आवळतं. इथून खाली कालाबागपर्यंत शे-दीडशे किलोमीटर नदी घळीतूनच जाते.

डोंगर आडवा असताना नदी वळसा घालून का गेली नाही, असा प्रश्न पडतो. सिंधू या टेकड्यांपेक्षा जुनी आहे. भारतीय भूखंड उत्तरेकडे रेटा देत राहिला तशा या रांगा हळूहळू वर उचलल्या गेल्या, आणि त्या उचलल्या जात असताना नदी त्याच जागी खाली कापत राहिली. उचलण्याचा वेग कमी, कापण्याचा जास्त, म्हणून नदीने आपली वाट सोडली नाही.

आवळलेलं पात्र म्हणजे कमी रुंदी, आणि कमी रुंदी म्हणजे पूल. अटकेचं सगळं राजकारण या एका गोष्टीवर उभं आहे.

खरं तर अकबराच्या आधी लोक सिंधू सहसा अटकेला ओलांडत नसत. ते वर, छछच्या समोर, हुंड नावाच्या गावी ओलांडत. तिथं पात्र रुंद, पण पाणी पसरलेलं आणि त्यामानाने संथ. इसवी सनपूर्व 326 च्या वसंतात अलेक्झांडरची फौज त्याच भागात पलीकडून अलीकडे आली. पुढे हिंदू शाही राजांची राजधानी हुंडलाच होती, तेव्हाचं नाव उदभांडपूर. पाणिनीचं शलातुर गाव तिथून जवळ. चिनी बौद्ध यात्रेकरू युआन श्वांग चीनला परत जाताना नदी ओलांडायला इथंच आला. तो स्वतः हत्तीवरून पार झाला, पण पोथ्यांची नाव मधोमध हेलकावली आणि पन्नासेक पोथ्या आणि जमवलेली फुलझाडांची बियाणी पाण्यात गेली. भारतभर फिरून गोळा केलेलं ज्ञान एका लाटेत गेलं, तेही बऱ्यापैकी सोप्या समजल्या जाणाऱ्या ठिकाणी.

रुंद आणि उथळ जागा व्यापाऱ्याला, यात्रेकरूला बरी. राज्यकर्त्याला मात्र तोफा, रसद, हजारो जनावरं ठरलेल्या वेळी पार न्यायची असतात. त्याला पूल लागतो आणि पुलाला अरुंद जागा लागते. काबूलला बसलेला सावत्र भाऊ मिर्झा हकीम पंजाबवर चालून आला तेव्हा, 1581 मध्ये, अकबराने अटकेला किल्ला बांधायला घेतला. 1583 पर्यंत तो उभा राहिला. किल्ल्याखाली नावाडी वसवले, त्यांच्या वस्तीला मल्लाही टोला म्हणतात. लष्करी दृष्टीने किल्ला तसा फसलेलाच म्हणायचा. तो उतारावर असल्यामुळे समोरच्या काठावरच्या टेकडीवर चढलं की आतलं सगळं दिसतं. पण अकबराला दुर्गम गड नको होता, त्याला नदी ओलांडायच्या जागेवर पहारा हवा होता. सह्याद्रीतले किल्ले डोळ्यांसमोर ठेवून अटकेकडे पाहिलं तर निराशाच होईल.

पूल बांधायचा म्हणजे काय करायचं

अलेक्झांडर बर्न्स हा ब्रिटिश अधिकारी 1832 मध्ये रणजितसिंहांच्या राज्यातून काबूलकडे जाताना इथून गेला. त्याने नावांच्या पुलाचं केलेलं वर्णन इतकं तपशीलवार आहे की त्यावरून आजही पूल बांधता यावा. रणजितसिंहांनी या कामासाठी सदतीस नावांचा ताफा राखला होता. जिथं पूल टाकत तिथं नदी 260 यार्ड, म्हणजे जेमतेम 240 मीटर रुंद. नाव प्रवाहात सोडायची, ती ठरल्या जागी आली की लाकडी सांगाड्यांत दगड भरून, दोरांनी आवळून केलेले नांगर पाण्यात सोडायचे. असा एकेक नांगर अडीचशे मणांचा, आणि एका नावेला चार ते सहा. एक नाव स्थिर झाली की थोड्या अंतरावर दुसरी. मग नावानावांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर माती, म्हणजे घोडे बिचकत नाहीत. तीन ते सहा दिवसांत पूल तयार. काठावर दोरखंड, दगड, लाकूड हाताशी असलं की झालं, लोखंडी कामाची गरजच नाही.

याच वर्णनात अटकेची खरी किल्ली आहे: हा पूल नोव्हेंबर ते एप्रिल एवढाच काळ टाकता येई. का? आपल्या कृष्णा-गोदावरी पावसावर वाढतात आणि ओसरतात. सिंधूचं पाणी मुख्यतः वितळणाऱ्या बर्फाचं. थंडीत वर सगळं गोठलेलं असतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत नदी सर्वांत बारीक. मेमध्ये बर्फ वितळायला लागतं, जून ते ऑगस्ट हिमनद्यांचं पाणी येतं, त्यात पाऊस मिसळतो, आणि त्याच अरुंद घळीतून हिवाळ्याच्या कित्येक पट पाणी धावू लागतं. अशा वेळी नावांची साखळी टिकणं शक्य नाही. मग एकेकट्या नावेनेच पार व्हायचं. किल्ल्याच्या खालच्या अंगाला कमालिया आणि जलालिया नावाचे दोन काळे खडक पाण्यात उभे आहेत, त्यांच्याभोवती भोवरे पडतात. मोगलांशी लढलेल्या रोशनिया पंथाच्या बायझीद अन्सारीच्या दोन मुलांची ती नावं, असं सांगतात. नावा तिथं फुटत.

म्हणजे ही सीमा वर्षाचे सहा महिने उघडी आणि सहा महिने जवळजवळ बंद.

हे एकदा लक्षात ठेवलं की इतिहासातल्या तारखा वेगळ्याच दिसू लागतात. बाबराने पानिपतच्या स्वारीत सिंधू ओलांडली ती डिसेंबर 1525 मध्ये. (जाता जाता त्याने पेशावरजवळ गेंड्याची शिकारही केली. त्याआधी 1519 मध्ये स्वाबीच्या बाजूलाही त्याला गेंडे भेटले होते. आज गेंडा म्हटलं की आपल्याला आसाम आठवतो. तेव्हा काबूल नदीच्या काठच्या गवताळ दलदलींत तो मजेत राहत होता.) नादिरशाह अटकेला नावांच्या पुलावरून आला तो डिसेंबर 1738 मध्ये. अहमदशाह अब्दालीच्या स्वाऱ्यांचाही साधारण नेम ठरलेला: थंडीच्या तोंडावर यायचं, उन्हाळ्यात नदी चढायच्या आत माघारी जायचं. 1757 मध्ये त्याने दिल्लीकडून परतीची वाट धरली ती एप्रिलमध्ये, 1761 मध्ये मार्चमध्ये. पंजाबच्या उन्हाळ्याला त्याचे लोक कंटाळत हे खरंच. पण मागे नदी चढलेली असणं हे त्याहून मोठं संकट.

मराठे कोणत्या महिन्यात पोहोचले

नादिरशाहाने 1739 मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून सिंधूच्या पश्चिमेचा सगळा मुलूख लिहून घेतला. तिथपासून अटक ही खरीखुरी दोन राज्यांमधली सीमा झाली. पुढे अब्दालीने 1752 मध्ये लाहोर आणि मुलतानही घेतलं, म्हणजे सीमा अलीकडे सरकली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मराठ्यांनी करार करून बादशाहीच्या रक्षणाचा पत्कर घेतला. त्या हिशोबाने पंजाबातून अफगाण अंमल उठवून सीमा पुन्हा अटकेला नेणं हे आता मराठ्यांचं काम झालं. अटक गाठण्यामागे नुसती हौस नव्हती, हा असा लेखी बोजाही होता.

रघुनाथराव आणि मल्हारराव होळकर सरहिंद घेऊन एप्रिल 1758 मध्ये लाहोरला पोहोचले. अब्दालीचा मुलगा तैमूरशाह आणि सेनापती जहानखान पळाले, मराठी तुकड्या मागे लागल्या, आणि एप्रिलच्या अखेरीस अटकेपर्यंत गेल्या. 4 मे 1758 च्या पत्रात रघुनाथराव पेशव्यांना कळवतात की लाहोर, मुलतान, काश्मीर असे अटकेच्या अलीकडचे सुभे बहुतेक आपल्या अंमलात आले आहेत, आणि पुढे कंदाहारचाही विचार आहे. रघुनाथराव स्वतः अटकेला गेले नाहीत, ते पंजाबातून मागे फिरले. पेशावरपर्यंत कोण गेलं, किती दिवस टिकलं, यावर इतिहासकारांत वाद आहेत आणि ते चालू राहतील.

मला त्यातला महिना महत्त्वाचा वाटतो. एप्रिल संपता संपता म्हणजे पुलाचा मोसम मिटायच्या वेळी. तिथून पुढे चार-पाच महिने नदी चढी राहणार, मागे पुण्याहून रसद यायला महिनेच्या महिने. अशा वेळी मोठी फौज नदीपार ठेवणं म्हणजे तिला पलीकडे अडकवणं. हा माझा तर्क आहे, पत्रांत असं कुणी स्वच्छ लिहिलेलं नाही. पण पुढच्या घटना याच्याशी जुळतात. पंजाब तिथल्याच अदिना बेग या मातब्बर मोगल सरदाराकडे वर्षाला 75 लाखांच्या बोलीने सोपवून रघुनाथराव परतले. सप्टेंबरमध्ये अदिना बेग वारला. दत्ताजी शिंद्यांच्या वतीने साबाजी शिंदे पंजाबात आले. आणि 1759 चा पावसाळा सरून नदी उतरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, अब्दाली पुन्हा अलीकडे आला. 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडले. पानिपत त्यानंतर वर्षाने.

सीमेवर झेंडा लावायला घोडदळ पुरतं. दर ऑक्टोबरला ती सीमा उघडणार हे धरून तिथं कायमचं ठाणं, नावा, नावाडी, धान्याचे कोठार राखणं हे निराळं काम. अकबराने ते केलं, रणजितसिंहांनी केलं. त्यांनी जुलै 1813 मध्ये छछच्या मैदानात अफगाणांना हरवलं, तेव्हा किल्ला आधीच त्यांच्या हातात होता: तिथल्या अफगाण किल्लेदाराला जहागीर देऊन तो वळवून घेतला होता. पुण्यात बसलेल्या दरबाराला एवढ्या लांबून हे जमणं कठीणच होतं.

पाण्याची भिंत

1841 च्या आरंभी अटकेला सिंधू विलक्षण आटली. कारण कुणाच्या लक्षात आलं नाही. वर, नंगा पर्वताच्या पायथ्याशी, भूकंपाने डोंगराचा मोठा तुकडा नदीत कोसळला होता. नैसर्गिक धरण झालं, मागे मैलोन्‌मैल लांब तळं साठत गेलं. जूनमध्ये ते फुटलं. छछच्या मैदानात नदीकाठी शीख फौजेचा तळ होता. चिखल, झाडं, घरांची लाकडं घेऊन पाण्याची भिंत आली आणि शेकडो माणसं गेली.

1858 च्या ऑगस्टमध्ये असाच प्रकार पुन्हा झाला, या वेळी बांध हुंझाच्या बाजूला फुटला. अटकेला पाणी काही तासांत पन्नास फुटांहून जास्त चढलं. घळ अरुंद असल्यामुळे एवढं पाणी पुढे जाईना, मग ते मागे चढू लागलं आणि काबूल नदी चक्क उलटी वाहू लागली. वरच्या अंगाला नौशेराची छावणी बुडाली. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. कृष्णा चढली की नरसोबाच्या वाडीपाशी पंचगंगेला जी फूग येते, तीच ही, फक्त राक्षसी मापाची.

अशा नदीवर पक्का पूल बांधायला इंग्रजांना पंजाब जिंकल्यावर तीस-पस्तीस वर्षं लागली यात नवल नाही. 1860 च्या सुमारास त्यांनी नदीखालून बोगदाही खणायला घेतला होता, तो अर्धवट सोडावा लागला. शेवटी 1883 मध्ये दुमजली लोखंडी पूल झाला. वर रेल्वे, खाली रस्ता, दोन्ही टोकांना बंद करता येणारी भक्कम दारं. सर गिल्डफोर्ड मोल्सवर्थ यांचा तो आराखडा, पुढे 1920 च्या दशकाच्या अखेरीस पूल नव्याने बांधला. रस्त्याचा वेगळा पूल 1979 मध्ये आला. पूल झाला त्या दिवशी ऋतूंचं राज्य संपलं. दहा वर्षांत, 1893 मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थान आणि अफगाणिस्तान यांच्यातली ड्युरंड रेषा ठरली आणि राज्यांची सीमा खैबर खिंडीपलीकडे पक्की झाली. अटकेला उरली ती प्रांतांची हद्द: अलीकडे पंजाब, पलीकडे आजचा खैबर पख्तुनख्वा.

दक्षिणेकडच्या काला चिट्टा डोंगररांगेबद्दल थोडं सांगायलाच हवं. एका भागात काळपट वालुकाश्म, दुसऱ्यात पांढरा चुनखडक, म्हणून हे काळं-पांढरं नाव. फुलाही नावाची काटेरी बाभूळ आणि रानटी ऑलिव्ह यांचं विरळ जंगल, त्यात उरियल ही रानमेंढी. या डोंगरात सापडलेल्या जीवाश्मांनी प्राणिशास्त्राचा एक मोठा प्रश्न सोडवला. साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियाला भिडत असताना मधे उथळ समुद्र होता. त्याच्या काठाशी राहणाऱ्या, चार पाय असलेल्या देवमाशाच्या पूर्वजांची हाडं इथं मिळाली. त्यातल्या एकाचं शास्त्रीय नाव ॲम्ब्युलोसेटस नॅटन्स, म्हणजे पोहणारा चालता देवमासा. 1994 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. देवमासे जमिनीवरून पाण्यात गेले हे सांगणारा इतका बोलका सांगाडा तोवर मिळाला नव्हता. समुद्रापासून हजारेक किलोमीटर आत, लष्करी छावण्यांच्या शेजारी.

आज पुलावरून खाली पाहिलं तर दोन रंग शेजारी शेजारी वाहताना दिसतात, काबूलचा मातकट आणि सिंधूचा निळसर हिरवा. सिंधू इतकी स्वच्छ दिसते कारण तिचा गाळ वर तरबेलाच्या जलाशयात अडकतो. हे धरण 1970 च्या दशकात झालं. शिवाय 2003 च्या सुमारास सुरू झालेल्या 1450 मेगावॅटच्या गाझी-बरोथा प्रकल्पाने तरबेलाखालून सिंधूचं पाणी 52 किलोमीटर लांब कालव्यात वळवलं. ते अटकेच्या खाली परत नदीत येतं. परिणामी थंडीत किल्ल्यासमोर जे पाणी दिसतं त्यात सिंधूचा वाटा थोडा आणि काबूल नदीचा मोठा.

आणि त्या काबूलचा प्रवास गमतीचा आहे. तिची मोठी उपनदी पाकिस्तानातल्या चित्रालमध्ये उगम पावते, कुनार नावाने अफगाणिस्तानात जाते, तिथं काबूलला मिळते आणि पुन्हा पाकिस्तानात येते. सिंधूच्या पाण्यासाठी भारत आणि पाकिस्तान यांच्यात 1960 चा करार आहे, भारताने तो एप्रिल 2025 मध्ये स्थगित ठेवला. काबूल नदीसाठी अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांच्यात तेवढाही करार नाही. काबूल शहराला पाणी देणाऱ्या शहतूत धरणासाठी भारताने फेब्रुवारी 2021 मध्ये अफगाण सरकारशी सामंजस्य करार केला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते सरकार पडलं. कुनारवर धरणं बांधायचा विचार तालिबान सरकारही बोलून दाखवतं, आणि त्यावर सर्वांत आधी कान टवकारले जातात ते पेशावर, नौशेरा आणि अटकेत.